लोकर ओली की कोरडी?

संपादक महोदय,

नोकरी सोडावी का, हे स्थळ पत्करावे का, सेवेसाठी पूर्णवेळ निघावे का, असा प्रश्न पडला की ‘देवाकडे खूण माग’ हा सल्ला ख्रिस्ती मंडळ्यांत सर्रास दिला जातो. आधार दिला जातो बायबलमधल्या गिदोनाच्या लोकरीचा: देव आपल्या हातून इस्राएलाला सोडवणार याची खूण म्हणून त्याने रात्री जमिनीवर लोकर ठेवली आणि दव फक्त तिच्यावर पडावे असे मागितले. शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय अशा वेळी 36व्या वचनापासून वाचला जातो आणि 14वे वचन मागे राहते. इस्राएलाला सोडवायला जा, ही आज्ञा गिदोनाला तिथेच मिळाली होती. पहिल्या रात्री लोकर भिजली, जमीन कोरडी राहिली. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघाले. तरी गड्याची खात्री पटेना. दुसऱ्या रात्री त्याने नेमके उलटे मागितले, तेही ‘रागावू नकोस’ अशी गयावया करत. म्हणजे त्याला मार्ग ठाऊक होता, धीर होत नव्हता. देवाने त्याला सांभाळून घेतले, ही देवाची कृपा. ती सर्वांसाठी नेमून दिलेली पद्धत कशी होईल?

‘दार उघडले’ आणि ‘मनाला शांती वाटली’ हे आणखी दोन लाडके पुरावे. योनाचा पहिला अध्याय त्यासमोर ठेवून पाहावा. देवाने निनवेला धाडलेला हा संदेष्टा याफोला गेला, तर उलट दिशेच्या तार्शीशला जाणारे जहाज बंदरात तयार. भाडे भरायला पैसेही होते. दार सताड उघडे! आणि शांती म्हणाल, तर वादळात खलाशी माल समुद्रात फेकत असताना हा तळाशी गाढ झोपला होता. उलट अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेला पूर्ण शरण गेलेला प्रभू येशू व्याकूळ होता. झोप लागणे किंवा उडणे यावरून देवाची इच्छा ठरत नाही.

मग करायचे काय? आधी प्रश्न एका ओळीत कागदावर लिहावा. ‘प्रभू, मार्ग दाखव’ एवढ्याने भागत नाही. राजा शौल जिवावर उठलेला असताना कईला नगरात दावीदाने देवाला विचारलेले प्रश्न पाहा (1 शमुवेल 23): शौल खाली येईल काय? इथले लोक मला त्याच्या हाती देतील काय? त्यानंतर पवित्र शास्त्राने आधीच निकाली काढलेला भाग वेगळा करावा. लाच देऊन मिळणाऱ्या नोकरीसाठी उपास-प्रार्थना करण्यात अर्थ नाही. इस्राएलाला शाप द्यायला बोलावलेल्या बलामाला ‘जाऊ नकोस’ असा देवाचा स्पष्ट नकार मिळाल्यावरही त्याने पुन्हा विचारले, त्याचे काय झाले ते गणना 22 मध्ये आहे. उलट बऱ्याच बाबतींत मोकळीक असते. विधवेने हवे त्याच्याशी लग्न करावे, मात्र ‘प्रभूमध्ये’, म्हणजे विश्वासणाऱ्याशीच, असे प्रेषित पौल लिहितो (1 करिंथ 7:39). पुढची निवड तिची.

सर्वांत अवघड पायरी म्हणजे दोन्ही उत्तरांना मनापासून तयार होणे. बहुतेकांचे इथेच फसते. निर्णय झालेला असतो, प्रार्थनेत फक्त शिक्का मागितला जातो. सोपी तपासणी अशी: उत्तर ‘नाही’ आले तर मी ते कोणाला सांगेन का, की पुन्हा विचारत बसेन?

मग माहिती. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच सांगितले आहे (लूक 14:28). पण नुसती माहितीही दगा देते. दूर देशाहून आल्याचे सोंग करून करार मागणाऱ्या शेजारच्या गिबोनकरांच्या बुरशी आलेल्या भाकरी आणि फाटलेले बुधले इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी नीट पाहिले, फक्त परमेश्वराला विचारले नाही (यहोशवा 9:14). सल्ला दोन-तीन जणांचा घ्यावा. त्यातला एक तरी तोंडावर ‘नको’ म्हणणारा असावा, आणि या निर्णयात कोणाचाही फायदा गुंतलेला नसावा. मन खचलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा 16व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम आजही तितकाच उपयोगी आहे.

‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’ असे म्हणत दुसऱ्यांची लग्ने आणि बदल्या ठरवणाऱ्यांविषयीही लिहिणे भाग आहे. संदेष्ट्यांचे बोलणे इतरांनी पारखावे, असे पौलाने बजावले आहे (1 करिंथ 14:29). खुद्द त्याला ‘मासेदोनियात येऊन मदत कर’ असा दृष्टान्त झाला, तेव्हाही निष्कर्ष काढताना प्रेषितांची कृत्ये 16:10 मध्ये शब्द येतो ‘आम्ही’, म्हणजे सोबत्यांसह. आणि तो निष्कर्ष बरोबर असूनही मासेदोनियातल्या फिलिप्पै नगरात त्याच्या वाट्याला फटके आणि तुरुंग आला. तेव्हा पुढे अडचण आली म्हणून ‘आपण चुकलो’ असा घाईचा निवाडाही नको.

पाळकांना एकच विनंती. तरुणांच्या मेळाव्यात मार्गदर्शनावर बोलायचे झाले, तर यंदा गिदोनाआधी योना घ्यावा.

– एक वाचक