आधी खडखड ओळखा, मग पाना लावा

मा. संपादक,
स. न.

पाऊस ओसरला की नाशिकच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या एकामागून एक येऊ लागतात : ‘खालून खडखड येते.’ पेठ रस्त्यावरचा सावळ घाट, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणारी वळणे, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले शहरातले रस्ते. गाडीने तरी काय करावे! पण हे पत्र रस्त्यांबद्दल नाही, आमच्याच व्यवसायातल्या एका सवयीबद्दल आहे. आवाज आला की आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे) बदलायचे, नाही गेला तर शॉकअप, तरीही नाही गेला तर ‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे साहेब, थोडा आवाज असणारच’ म्हणून मोकळे व्हायचे. हे उत्तर चुकीचे आहे. धड असलेली ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी, गाडी खडखडत नाही. तिच्या पोटाखाली फिरणारे भाग जास्त असतात, एवढेच : गिअरबॉक्सला जोडलेले ट्रान्स्फर युनिट, ताकद मागे नेणारा दोन तुकड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट, त्याला मधोमध धरणारे सेंटर बेअरिंग आणि मागच्या डिफरन्शिअलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी बसलेले, मागची चाके जोडणारे-सोडणारे क्लच-प्लेटांचे कपलिंग.

पाना उचलण्याआधी एकच गोष्ट ठरवायची, आवाज कशाबरोबर बदलतो. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, रेस वाढवली की खडखड येत असेल तर चाके आणि शाफ्ट तिथेच संशयातून सुटले. दोष इंजिन, सायलेन्सर किंवा क्लचच्या बाजूला. न्यूट्रलमधला आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्सचे इनपुट बेअरिंग किंवा फ्लायव्हील तपासावे. उलट क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत त्याच वेगाला तिसरा आणि चौथा गिअर टाकून पाहावा. गिअर बदलला तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकांचा वा शाफ्टचा, बदलला तर इंजिनचा. यापुढची खूण फारसे कोणी वापरत नाही. ताशी १० किलोमीटरला चाक तीन सेकंदांत साधारण चार फेरे घेते. प्रॉपेलर शाफ्ट बहुतेक गाड्यांत त्याच्या अडीच ते तीन पट फिरतो. म्हणजे सावकाश चालवताना टकटक मोजता आली तर चाकाकडे बघा. ती मोजण्यापलीकडे भरभर येत असेल तर शाफ्टकडे.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा दोषी म्हणजे सायलेन्सरवरची हीट शील्ड, पातळ पत्र्याचे झाकण. बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठे होते, बोल्ट जागेवर दिसतो पण पत्रा त्याच्याभोवती नाचतो. म्हणूनच नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो सापडत नाही. १,५०० ते २,००० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास एका ठरावीक टप्प्यात जोरात खडखड आणि त्याच्या वर-खाली शांतता, ही त्याची खूण. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रबरी हातोडीने पाइपावर पुढून मागे हलके ठोकत जावे. जिथे पत्रा झणझणतो तिथे रोग. बोल्टखाली मोठा वायसर किंवा पाइपाभोवती स्टीलचा होज क्लॅम्प, एवढ्यावर काम भागते. पत्रा उपटून फेकून देणारे महाभाग आहेत, ते करू नये. वर इंधनाची नळी, वायर आणि रबरी बुश असतात, त्यांना उष्णता लागते. ठोकताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यातून) डब्यात खडे वाजावेत तसा आवाज आला तर मात्र आतली जाळी फुटली आहे आणि ते काम मोठे.

यानंतर ब्रेक. डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यात खडी अडकली तर कर्कश घासल्यासारखा आवाज येतो. रिव्हर्स-पुढे केल्याने कधी ती आपोआप गळते, नाही तर चाक काढावे लागते. खडबडीत रस्त्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवला की खडखड थांबत असेल तर कॅलिपर पिन किंवा पॅडची स्प्रिंग क्लिप सैल आहे. सस्पेन्शनबद्दल थोडक्यात : लिंक रॉडवर संशय असेल तर नवा विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंचे लिंक सोडून ते नीट बांधून ठेवावेत आणि आवारातच खड्ड्यावरून सावकाश गाडी फिरवावी. एकच बाजू सोडली तर निदान फसते. आवाज गेला तर दोषी तोच. सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश बदलल्यावर बोल्टला शेवटचा कस गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा. चाके लोंबकळत असताना आवळला की रबर कायम पिळलेले राहते, काही महिन्यांत फाटते, आणि मालक म्हणतो ‘नवे बुशही बोगस’.

आता खास ऑल-व्हील ड्राइव्हचे. डस्टर, ग्रँड विटारा किंवा एक्सयूव्ही ७०० यांसारख्या गाड्यांत मागची चाके कपलिंग जोडले की ओढतात. ड्रायव्हर ‘टू-व्हील’ मोडवर आणतो, आवाज तसाच राहतो, आणि निष्कर्ष काढला जातो की शाफ्ट ठीक आहे. इथेच चूक होते. कपलिंग मागे असते, त्यामुळे ते सुटले तरी प्रॉपेलर शाफ्ट फिरतच असतो; सेंटर बेअरिंग झिजले असेल तर ते टू-व्हीलमध्येही घरघरणार. त्याचे रबर फाटले की गाडी उठताना शाफ्ट वर-खाली आपटतो. तपासणी सोपी : गाडी चारही घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. शाफ्ट दोन्ही हातांनी पिळायचा, क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्याच्या) आगेमागे हालचाल जाणवली किंवा कपाशेजारी लालसर गंजाची पूड दिसली की क्रॉस गेला. मग फ्लँजचे बोल्ट कसलेले आहेत का ते पाहावे. पाय एक्सलरेटरवरून काढताना ‘धप्प’ एकदाच होत असेल तर मागच्या डिफरन्शिअलचे बुश बघावेत.

फक्त पार्किंगमधल्या घट्ट वळणावर कडकड होऊन गाडी थरथरत असेल तर पहिला संशय टायरवर. दोनच टायर नवे टाकून दोन जुने ठेवले की घेर बदलतो, आणि कपलिंगला रस्ताभर तो फरक घासत भरून काढावा लागतो. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे हवेत, नक्षीच्या खोलीतला फरक २-३ मिलिमीटरच्या आत, हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. तरीही कडकड राहिली तर कपलिंगचे तेल. ट्रान्स्फर युनिटचे तेल वेगळे, आणि ते बहुतेक गाड्यांत लिटरभरही नसते, त्यामुळे सीलमधून थोडे गळाले तरी गिअरच्या दातांवर बेतते. तेल काढण्यापूर्वी वरचा, भरायचा प्लग सुटतो ना हे आधी पाहावे; खालचा सोडला आणि वरचा अडकला तर गाडी तिथेच. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो, चमकणारे तुकडे नाहीत. पाण्यातून गेलेल्या गाडीत तेल दुधाळ झाले असेल तर ते लगेच बदलावे.

आपल्या नाशिकमध्येच बनणाऱ्या थारची गोष्ट निराळी. तिचा फोर-बाय-फोर लिव्हरने जोडतो-सोडतो, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाके जोडून) वळवली तर ‘कट्ट’ आवाज होणारच. तो बिघाड नसून वापराची चूक आहे.

एक सुरक्षेचा मुद्दा : आवाज ऐकायला ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीची दोनच चाके उचलून गिअर टाकू नये. जमिनीवरची चाके ओढली की गाडी जॅकवरून उडी मारते. बिघडली तर चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरच न्यावी.

गॅरेजवाल्या बंधूंना विनंती : जॉब कार्डवर ‘खडखड’ एवढेच लिहू नका; थंड-गरम, वेग, आरपीएम, वळण, ब्रेक, खड्डा यांतले काय असताना आवाज येतो ते लिहा आणि मालकाला शेजारी बसवून एक फेरी मारा. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्या. लिंक रॉडचा बॉल हाताने सैल हलत नसेल, तर त्याला काढायचे कारणच नव्हते हे त्याला तिथेच दिसेल.

आपले,
वाहन दुरुस्ती व्यवसायातील काही तंत्रज्ञ,
सातपूर-अंबड, नाशिक