विषय : 'मॅव्हरिक' सीझन २ मधला अर्धवट भाग आणि तुमचं 'ओपन एंडिंग'

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधींनी फोन ठेवला. 'मॅडम, आणखी काही मदत करू शकतो का?' असं विचारून ठेवला, म्हणजे आधी काही मदत केली असा त्यांचा समज आहे. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे, अख्ख्या सीझनचे पैसे घेतल्याची नोंदही आहे.

'शेडी डील ॲट सनी एकर्स' हा भाग तुमच्या ॲपवर ३४ व्या मिनिटाला तुटतो आणि पुढचा भाग सुरू होतो. टीव्हीवर तेच, मोबाईलवर तेच. लांबी मात्र तुम्हीच ५० मिनिटं लिहिली आहे.

आता ते संभाषण. मी म्हटलं, भाग मध्येच थांबतोय. ते म्हणाले, आमच्या सिस्टीमवर पूर्ण दिसतोय. मी विचारलं, पूर्ण दिसतोय ना, मग शेवटी त्या बँकरचं काय होतं? पलीकडे शांतता. मग कीबोर्डची टकटक. मग मला होल्डवर टाकून सनईसारखं काहीतरी ऐकवलं. परत आले ते उत्तर घेऊनच : 'मॅडम, हे ओपन एंडिंग आहे. पुढचा विचार प्रेक्षकांनी करायचा.'

ओपन एंडिंग! नोव्हेंबर १९५८ मध्ये! रविवारी संध्याकाळी एड सलिव्हनच्या लोकप्रिय कार्यक्रमाशी टक्कर घेत एबीसी या अमेरिकन वाहिनीवर लागणारी हलकीफुलकी वेस्टर्न मालिका, आणि ती म्हणे प्रेक्षकाला विचारात पाडून निघून जाते. मी हसले. तर ते म्हणाले, 'जुन्या कंटेंटमध्ये असं असतं मॅडम, आपण कदाचित पहिल्यांदाच बघत असाल.' कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता. ऐका एकदा, जेवताना सगळ्यांनी मिळून ऐका.

तुम्हाला तुमचा माल माहीत असणारच, तेव्हा पुढचं फक्त त्या गृहस्थांसाठी. ब्रेट मॅव्हरिक, म्हणजे जेम्स गार्नर, पत्त्यांत जिंकलेले १५,००० डॉलर गावातल्या बँकेत ठेवतो. दुसऱ्या दिवशी बँकर म्हणतो, कोण तुम्ही, कुठले पैसे? ब्रेट पिस्तूल काढत नाही. हॉटेलच्या ओसरीत खुर्ची टाकतो आणि लाकूड तासत बसतो. गाव चेष्टेनं विचारतं, पैसे कसे मिळवणार? तो एकच सांगतो : काम चालू आहे. इकडे त्याचा भाऊ बार्ट (जॅक केली) मालिकेतली जुनी ठक मंडळी गोळा करतो. सॅमॅन्था क्रॉफर्ड, डँडी जिम बकली, जंटलमन जॅक डार्बी, बिग माइक. प्रत्येकजण आधीच्या कुठल्या ना कुठल्या भागात भेटलेला. सगळे मिळून त्या गोडबोल्या बँकरला (जॉन डेनर) शेअर्सच्या आमिषानं ओढतात. हा भाग बघायचा तो जाळं आवळलं जाताना बघायचा. तिथेच तुम्ही दिवे घालवलेत.

'काम चालू आहे' हे मलाही तुमच्याकडून प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. फरक इतकाच की ब्रेटच्या मागे कोणीतरी खरोखर काम करत होतं.

आणि एका कॉलवर 'आपल्या खात्यात ही खरेदीच दिसत नाही' असंही सांगितलं गेलं. बँकेची पावती पाठवल्यावर ती दिसायला लागली. तो बँकर निदान अभिनय तरी चांगला करायचा.

वर्णनाकडे येते. तुम्ही लिहिलंय : 'ब्रेट धाडसी पाठलाग करून लुटारूंना धडा शिकवतो.' या भागात ब्रेट कोणाचाही पाठलाग करत नाही. तो बसतो. बसून राहतो, हीच गंमत आहे. वर चित्र रॉजर मूरचं. रॉजर मूर या मालिकेत आला १९६० मध्ये, चौथ्या सीझनला, चुलतभाऊ बो म्हणून. दुसऱ्या सीझनवर तो काय करतोय? हे मी पहिल्याच मेलमध्ये कळवलं होतं. उत्तर आलं, 'आपल्या आवडीबद्दल धन्यवाद.'

नुकसानभरपाई म्हणून तुम्ही एका सिनेमाचं मोफत कूपन पाठवलंत. 'टॉप गन : मॅव्हरिक'. त्यात लढाऊ विमानं आहेत. नाव जुळलं की झालं, असं तुमचं धोरण असेल तर पैसे परत करतानाही आडनाव जुळणाऱ्या कोणालाही कराल, ही भीती आहे.

१९५९ साली सर्वोत्कृष्ट वेस्टर्न मालिकेचं एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालेली मालिका म्हणून तुम्ही ही विकता. एमी पूर्ण मालिकेला मिळालं होतं. मी तुमच्याकडे आले ते जुनं, कृष्णधवल, दुसरीकडे कुठे न सापडणारं इथे मिळतं म्हणून. नवं तर सगळेच दाखवतात. चार ओळखीच्यांनाही सदस्य व्हायला लावलं. आता त्यांना तोंड मला द्यावं लागतंय.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं मी राहते त्याच जिल्ह्यात दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, तेव्हा मला कंटाळा येईल या भरवशावर राहू नका. 'सेवेतील त्रुटी' या सदरात ओपन एंडिंग बसतं का, हे आयोगालाच विचारू.

उरलेली सोळा मिनिटं द्या, नाहीतर सीझनचे पूर्ण पैसे परत करा, कूपन नको. उत्तर लेखी हवं, फोन करू नका. आणि ते रॉजर मूरचं चित्र काढा.

आपली (अजून तरी) सदस्य