मायल क्रीकला पण जाऊन या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलिया सहलीचा लेख वाचला. ऑपेरा हाउस, ब्लू माउंटन्स, कांगारू सगळं आलंय, मी पण लेकीकडे आलो की तेच बघतो. पण यावेळी जावई म्हणाले बाबा एक वेगळी जागा दाखवतो, आणि सिडनीहून उत्तरेला सात-आठ तास गाडी हाणत बिंगारा नावाच्या छोट्या गावाजवळ घेऊन गेले. तिथे मायल क्रीकचं स्मारक आहे.

10 जून 1838 ला इथल्या गुरांच्या फार्मवर बारा जणांनी मिळून विरायराय या इथल्या मूळ रहिवासी लोकांची सुमारे 28 माणसं मारली. बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारे, कारण तरणी माणसं कामासाठी बाहेर गेली होती. मारणाऱ्यांत फार्मवरचाच एक कैदी-नोकर (म्हणजे ब्रिटनमधून शिक्षा म्हणून इथे पाठवलेला) होता, जो आधी याच लोकांत रोज मिसळायचा, हे वाचून मला कसंतरीच झालं. नंतर प्रेतं जाळली. खटला दोनदा चालला, पहिल्यांदा सगळे सुटले, दुसऱ्यांदा सात जण फासावर गेले. साक्ष दिली ती जॉर्ज अँडरसन नावाच्या दुसऱ्या कैद्याने. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग मात्र सापडलाच नाही. गोऱ्यांना अशा खुनांसाठी शिक्षा होणं तेव्हा फार दुर्मीळ होतं.

स्मारक 2000 साली झालं. लाल खडीची वळणावळणाची पायवाट, कडेला दगडांवर सात पाट्या, इंग्रजी आणि गमिलराय (तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा) दोन्ही भाषांत, आणि शेवटी एक मोठा ग्रॅनाइटचा दगड. पुतळा नाही, चौथरा नाही, काही नाही. मेलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज दोघांनी मिळून हे उभं केलंय! मला तरी हे आधी खरंच वाटेना.

2005 मध्ये कोणीतरी येऊन पाट्यांवर हातोडा चालवला. आणि काय फोडलं बघा, ‘खून’, ‘बायका’, ‘मुलं’ हे शब्द. म्हणजे खटकलं ते नेमकं काय केलं आणि कोणाला मारलं तेच. आपल्याकडे पण ‘मारले गेले’ असं लिहिलं की मारणारा वाक्यातून गुपचूप पळून जातो ना, तसंच काहीसं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल शहराचं उदाहरण उलटं आहे. 1864 मध्ये मारल्या गेलेल्या, नवा प्रदेश शोधायला निघालेल्या तीन गोऱ्यांचं 1913 चं स्मारक तिथे आहे, त्यावर मूळ रहिवाशांना चक्क दगाबाज म्हटलंय, पण त्या तिघांना शोधायला गेलेल्या तुकडीने किती मूळ रहिवाशांना गोळ्या घातल्या त्याबद्दल शब्द नाही. 1994 मध्ये जुनी पाटी न काढता खाली दुसरी लावली, त्या मेलेल्या मूळ रहिवाशांसाठी. मला हे पाडापाडीपेक्षा बरं वाटलं, माणूस दोन्ही वाचतो आणि स्वतःच ठरवतो. (जावयांचं मत वेगळं आहे, परतीच्या वाटेवर बराच वाद झाला.)

तर पुढच्या लेखात या जागेला चार ओळी द्या एवढीच विनंती. जाणाऱ्यांनी जूनचा लाँग वीकेंड धरावा, तेव्हा दरवर्षी कार्यक्रम असतो, त्या भागात थंडी मात्र चांगलीच असते, स्वेटर विसरू नका.

– एक वाचक, सध्या मुक्काम सिडनी