त्या कॅनवर काय लिहिलंय?

अ‍ॅमस्टलवेन, नेदरलँड्स
20 ऑगस्ट 2017

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री तीनदा ऐकला. गणपतीची आवराआवर, सासूबाईंचा गुडघा, मक्याचा भाव, सगळं कळलं. पण मधेच तू सहज एक गोष्ट बोलून गेलीस आणि माझी झोप उडाली. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिसवा फार झाल्यात, पलीकडच्या शेडवाल्यांनी कुणा फिरत्या माणसाकडून एक औषध घेतलंय, 'एकदम हर्बल' आहे, एकदा फवारलं की चार-सहा महिने पिसू दिसत नाही, म्हणून तूही दोन कॅन सांगितलेस.

वैशू, ते कॅन उघडू नकोस. हे पत्र पुरतं वाच आणि मग काय ते ठरव. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू 'हो गं, हो गं' म्हणतेस, तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारतं आणि विषय तिथंच राहतो.

इथं गेले तीन आठवडे अंड्यांवरून जे चाललंय ते तुझ्यापर्यंत कितपत आलंय माहीत नाही. त्याची सुरुवात नेमकी अशाच एका कॅनपासून झाली.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात टीव्हीवर इथल्या अन्न तपासणी खात्याचा अधिकारी म्हणाला, ज्यांना जमेल त्यांनी रविवारपर्यंत अंडी न खाल्लेली बरी. सुरुवातीला नीट उमगलंच नाही. मग कळलं की दूषित अंड्यांवरच्या नंबरांची यादी निघाली आहे आणि आपापल्या घरातली अंडी ज्यानं त्यानं ताडून बघायची आहेत. इथं प्रत्येक अंड्यावर बारीक शिक्का असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली त्याचा: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्यावर फिरणारी, 2 म्हणजे शेडमध्ये जमिनीवर, 3 म्हणजे पिंजऱ्यात. मग देशाची अक्षरं, मग फार्मचा नंबर आणि शेवटी शेडचा. मी खोका काढला, ओट्यावरचा दिवा लावला आणि एकेक अंडं फिरवून वाचायला लागले. फ्रिजमधून काढल्यावर त्यांना दव सुटलं होतं, बोट लागलं की शाई पसरायची. दोन अंडी पुसून पुन्हा बघितली. नंबर यादीत होता.

इराचं वजन दहा किलो. चौदा महिन्यांची आहे, रोज सकाळी एक उकडलेलं अंडं तूप-मीठ लावून भरवत होते मी तिला. तो खोका अर्धा संपला होता. त्याआधीचेही खोके त्याच दुकानातून आणलेले. मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले.

पुढच्या काही दिवसांत जे हाती लागेल ते वाचलं. त्या अंड्यांत सापडलेल्या औषधाचं नाव फिप्रोनिल. ओळखलंस ना? तुझ्या-माझ्या घरात उसाला टाकतात ते. खोडकिड्यासाठी आप्पा दाणेदार औषध टाकायचे, ते हेच. टाकून आले की दारातच हातपाय धुवायचे, आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवरही हेच वापरतात. आपापल्या जागी ते कामाचं आहे. पण ज्या जनावराचं अंडं, दूध किंवा मांस माणसाच्या पोटात जाणार, त्याच्यावर युरोपात ते वापरायला बंदी आहे. अंड्यात चालतं ते एका किलोला 0.005 मिलिग्रॅमपर्यंत. बेल्जियममधल्या अंड्यांत सर्वांत जास्त सापडलं ते 1.2. त्यावरून जर्मनीच्या सरकारी संस्थेनं हिशेब मांडला: इतकं फिप्रोनिल असलेली अंडी 65 किलोच्या माणसानं दिवसाला सात खाल्ली तरी मर्यादेत राहतो. दहा किलोच्या मुलाला एक.

एक. मी रोज एकच देत होते. आमच्या खोक्यात किती होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि बहुतेक अंड्यांत 1.2 पेक्षा फार कमी होतं हेही मला ठाऊक आहे. इरा ठणठणीत आहे. डॉक्टरांनी तपासलं, काळजी करू नका म्हणाले. तरीही तो एकचा आकडा डोक्यातून जात नाही.

आता ते कोंबड्यांच्या अंगावर आलं कसं, ते ऐक, कारण हे तुझ्याच कामाचं आहे. तुमच्याकडे विटा गाव, तसं इकडे बार्नेव्हेल्ड. गावच कोंबड्यांचं, त्यांचं संग्रहालयसुद्धा आहे तिथं, गेल्या वर्षी आम्ही बघून आलो. त्या गावाच्या एका कंपनीचे लोक फार्मवर येऊन तांबड्या पिसवांसाठी फवारणी करून द्यायचे. इकडे त्या पिसवेला 'रक्तऊ' म्हणतात. दिवसा पिंजऱ्याच्या सांध्यात, फळ्यांच्या फटीत दडून बसते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते. उन्हाळ्यात वाढते म्हणजे किती वाढते ते तुला मी काय सांगणार. पक्षी फिके पडतात, अंडी घटतात. तर या कंपनीचं औषध म्हणजे नीलगिरी आणि पुदिन्याचं, असं सगळ्यांना सांगितलेलं. देगा-16 नावाचं एक द्रव्य बेल्जियममधून यायचं आणि त्यातच फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. शेतकऱ्याला वाटत होतं झाडपाल्याचं आहे. वास नीलगिरीचा, आणि पिसवा तर महिनोन्‌महिने गायब. मग शंका कोण घेणार?

मला इथंच थांबून तुला विचारायचंय. नीलगिरीच्या वासानं पिसू पळते हे खरं, पण वास उडाला की ती परत येते. सहा महिने येत नसेल तर त्या कॅनमध्ये नीलगिरीखेरीज दुसरं काहीतरी आहे. ते काय आहे हे तुझ्या शेजाऱ्यांनाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल.

फिप्रोनिल चरबीत जाऊन बसतं. कोंबडीच्या अंगातल्या चरबीत, तिथून बलकात. म्हणून आज शेड धुतली म्हणजे उद्याची अंडी शुद्ध झाली, असं होत नाही. कोंबडी आठवडेच्या आठवडे ते अंड्यातून बाहेर टाकत राहते. इथले सुमारे 180 फार्म बंद केले. अंडी नष्ट करायची आणि पक्षी साफ व्हायची वाट बघत खाद्य घालत राहायचं, नाहीतर पक्षीच मारून टाकायचे. लाखो पक्षी मारले, वैशू. रोगाची एकही कोंबडी नव्हती त्यांच्यात.

आमच्या शनिवारच्या बाजारात एक बाई अंडी विकायला येतात. साठीच्या असतील. मागच्या शनिवारी त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याचा बोर्ड होता, हातानं लिहिलेला: 'आमचा नंबर यादीत नाही.' खाली नंबर मोठ्या अक्षरांत. आणि तरी टेबलासमोर कोणी नव्हतं. मी एक खोका घेतला तेव्हा त्यांनी स्वतः प्रत्येक अंडं उचलून शिक्का माझ्याकडे करून दाखवला, दहाच्या दहा. मी नको म्हणत होते, त्या ऐकेनात. मला 2006 चं नवापूर आठवलं. बर्ड फ्लू तिकडे, आणि तुझ्या काकांची अंडी इकडे कोणी फुकट नेईना. ट्रेवर ट्रे पडून होते.

सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? हे आधी माहीत होतं. कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल वापरतात अशी निनावी खबर इथल्या खात्याला गेल्या नोव्हेंबरातच मिळाली होती. बेल्जियमच्या खात्याला जूनच्या सुरुवातीला कळलं, त्यांनी बाकीच्या देशांना कळवलं 20 जुलैला. आता दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात. मधल्या सगळ्या सकाळी मी इराला अंडं भरवत होते. त्या कंपनीच्या दोघा तरुण मालकांना 10 तारखेला अटक झाली, ते ठीकच झालं. पण कळूनही गप्प बसलेल्यांचं काय?

आणि अंड्यावर निदान शिक्का तरी असतो गं. अंडं फोडून केकमध्ये, नूडल्समध्ये, मेयोनीजमध्ये गेलं की शिक्का टरफलाबरोबर कचऱ्यात. ब्रिटनमध्ये अशी सात लाख अंडी गेली होती, त्यातली बरीचशी सँडविच आणि सॅलडमध्ये. तिथल्या दुकानांनी तयार पाकिटं मागं घेतली. जर्मनीत एक कोटीच्या वर अंडी गेली. हाँगकाँगपर्यंत पोचली. कुठल्या बिस्किटात कुठल्या देशाची अंड्याची पावडर आहे हे खाणाऱ्यानं कसं ओळखायचं?

हाँगकाँगवरून आठवलं. आपण कॉलेजात केल्डालचा प्रयोग केला होता बघ, पेंडेत प्रथिनं किती ते मोजायला. सर नेहमी म्हणायचे, पोरींनो, हे यंत्र प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजतं. तेव्हा नुसतं वहीत उतरवून घेतलं. चीनमध्ये 2008 साली लोकांनी याचाच गैरफायदा घेतला. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं, त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणजे तपासणीत दूध कसदार दिसतं. जवळजवळ तीन लाख मुलं आजारी पडली, सहा तान्ही बाळं गेली, मूत्रपिंडात खडे होऊन. आपल्या सरकारनं तिकडचं दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली ती तेव्हाच. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हाँगकाँगमध्ये चीनहून आलेल्या अंड्यांत तेच मेलामाइन सापडलं, मर्यादा किलोला 2.5 मिलिग्रॅम आणि अंड्यात 4.7. कोंबडीला कोणी मेलामाइन देत नाही. ते खाद्यातून आलं असणार असंच सगळे म्हणत होते. म्हणून सांगते, तू स्वस्त पडते म्हणून जी 'हाय प्रोटीन' पेंड घ्यायचं म्हणतेस, तीसुद्धा नुसत्या टक्केवारीच्या कागदावर घेऊ नकोस. पेंड कशाची, मिलचं नाव काय, बिल आहे का, विचार. बिल द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊच नकोस.

तुमच्या अंड्यावर तर शिक्काही नाही. तीसचा ट्रे तुझ्या शेडमधून टेम्पोत गेला की तो कुणाचा हे पुण्या-मुंबईत कोण सांगणार? तुझी अंडी आणि शेजाऱ्यांची अंडी एकाच ढिगात. म्हणून शेजाऱ्यांशीही बोल. रागावतील, पण बोल. त्यांच्या घरातली पोरं पण तीच अंडी खातात.

पिसवांचं मात्र करायलाच हवं, ते मी नाकारत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना शेडवर बोलव. अंडी देणाऱ्या पक्ष्यांना काय चालतं आणि फवारल्यावर किती दिवस अंडी विकायची नाहीत, हे त्यांच्याकडून लिहून घे. ही बॅच निघाली की शेड रिकामी असताना पिंजऱ्यांच्या सांध्यांवर फ्लेमगन फिरव, फटी बुजव, चुना मार. जास्त मेहनत आहे आणि खर्चही, मला कळतं. कर्जाचा हप्ता कुठल्या तारखेला असतो तेही मला माहीत आहे. फ्लेमगनसाठी पैसे लागले तर सांग, मी आजच पाठवते, त्यात संकोच करायचा नाही.

आणि कॅन घरी आले असतील तर चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. लेबल, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, बिल, जे असेल ते. नुसतं झाकणाचं चित्र आणि हिरवं पान असेल तर तेही पाठव. झाकण उघडून वास घेऊ नकोस. चिनूला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस, तो सगळ्याला हात लावतो.

गुरुजी किती वाजता येणार आहेत ते कळव, त्या वेळी व्हिडिओवर आरतीला येते. इराला टाळ्या वाजवायला शिकवलंय. सासूबाईंना नमस्कार सांग.

फोटोची वाट बघतेय.

तुझी,
मंजू