तालमीत दुपारचा एक तास आम्हाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आमच्या पेठेत कुठल्याही विजेच्या खांबाकडं बघितलं की झुंबा, एरोबिक्स, योग, 'महिन्यात पाच किलो कमी' असे फलक दिसतात. बायका घराबाहेर पडून घाम गाळतायत याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांचं अंग वर्षानुवर्षं दुखतंय आणि ज्यांना पुन्हा व्यायामाला लागायचंय, त्यांनी या वर्गांत पाय कसा ठेवायचा? मी त्यातलीच एक आहे, म्हणून हे पत्र.

माझं वय ५३. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत २१ वर्षं शिवणकाम करते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या माझ्या बहिणीच्या घरात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो. भिजून दुप्पट जड झालेलं जोंधळ्याचं पोतं उचलताना कंबरेत उसण भरली. चार दिवसांत जाईल म्हटलं, ती गेलीच नाही. शेक झाला, मलमं झाली, गोळ्या झाल्या. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी थोडी बाहेर आलीय असं निघालं आणि 'आता वाकायचं नाही, जड उचलायचं नाही' एवढं ऐकून मी घरी आले. त्यावर चार वर्षं काढली. कंबरपट्टा सुटायचा तो फक्त झोपताना. मशीनखाली सुई पडली तर वाकायचं धाडस नव्हतं. लाकडी मीटरपट्टीच्या टोकाला लोहचुंबक बांधून मी सुया उचलायचे. कंबर आखडली ती दुखण्यानं थोडी आणि भीतीनं जास्त.

२०२३ च्या दिवाळीनंतर हिय्या करून एका वर्गात नाव घातलं. तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. पहिल्या दिवशी वजन विचारलं, उंची विचारली. काही दुखतंय का, हे कुणी विचारलं नाही. चाळीसेक बायका, गाण्याचा आवाज इतका की सूचना कानावर पडत नव्हत्या. मी मागच्या ओळीत माझ्या बेतानं वाकत होते. शिकवणारी मुलगी जवळ आली, "काकू, अजून वाकतंय की, घाबरू नका," म्हणाली आणि पाठीवर हात ठेवून तिनं दाबलं. तिचा हेतू वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला कूस बदलायलाही आमच्या ह्यांचा हात धरावा लागला. परत त्या वर्गाला गेले नाही. फी गेली ती गेलीच, पण व्यायाम आपल्या नशिबात नाही हे मनात पक्कं बसलं.

यातून मला बाहेर काढलं माझ्या भाचीनं. ती फिजिओथेरपी शिकते. तिनं सांगितलं, "मावशी, तीन महिन्यांहून जुनं दुखणं झालं की बऱ्याचदा आतली इजा भरून आलेली असते, पण मज्जातंतू आणि मेंदू मात्र जागता पहारा देत बसतात. साधं वाकलं तरी धोका म्हणून ओरडतात. त्यांना हळूहळू पटवावं लागतं." पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी दहातल्या आठ जणांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, हेही तिच्याकडूनच कळलं. ते ऐकून मला रडू आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम करायला सांगितलाय आणि कंबरपट्टा नेहमीचा उपचार म्हणून नको, असं म्हटलंय. मी पट्टा दिवसाला तास-दोन तास कमी करत सोडला.

आता मी जाते तो वर्ग एका मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. आम्ही ११ जणी. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं. किती दिवस दुखतंय, झोप लागते का, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येतो का, लघवीवर ताबा आहे का. एकीचं पाऊल उचलत नव्हतं, तिला त्यांनी वर्गात घेतलंच नाही, आधी डॉक्टरांकडं पाठवलं. मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, पाच वेळा. बास, त्या दिवशीचा व्यायाम संपला. मी म्हटलं, अजून जमतंय की. त्या म्हणाल्या, "जमतंय म्हणूनच थांबायचं." नवरात्राआधी एकदा बरं वाटलं म्हणून मी घरातल्या सगळ्या वाकळा एका दिवसात धुतल्या होत्या आणि आठवडाभर पडून होते. ते आठवलं आणि त्यांचं म्हणणं पटलं.

दुखणं शून्य ते दहात मोजायचं. व्यायाम करताना चार-पाचापर्यंत गेलं तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या ठिकाणी उतरलं म्हणजे झालं. नाही उतरलं तर पुढच्या वेळी कमी करायचं, पण बंद करायचं नाही. पाचाच्या सहा बैठका व्हायला मला दहा दिवस लागले. आज १५ होतात आणि मशीनखालची सुई मी वाकून उचलते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. लग्नसराईत अजून सहावर जातं.

हे घरीही करता आलं असतं, असं कुणी म्हणेल. मी करून बघितलं, चौथ्या दिवशी सुटलं. वर्गात गेलं की शेजारची फक्त "आज किती?" विचारते. "पाच" म्हटलं की तिला सगळं कळतं. बाहेर दिसत नसलेलं दुखणं खरं आहे हे घरच्यांना पटवण्यात माझी वर्षं गेली. इथं ते पटवावं लागत नाही.

आणि हे कोल्हापूरला शिकवायची गरज तरी का पडावी? १९१२ चं खासबाग कुस्ती मैदान ज्या गावात आहे, पेठापेठांत तालमी आहेत, त्या गावाला अंग कसं घडवायचं ते माहीत आहे. माझे वडील तालमीत जायचे. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्तीला सोडत नाही, आधी आखाडा उकरायला लावतो, जोर-बैठका मोजून देतो, असं ते सांगायचे. दुखापतीतून परत आलेल्या पैलवानाचीही मोजणी पहिल्यापासून. ही वस्तादाची नजर पन्नाशीच्या बाईच्या वाट्याला का येऊ नये?

माझी महापालिकेला आणि पेठांतल्या तालीम मंडळांना कळकळीची विनंती आहे. तुमचे हॉल दुपारी रिकामे असतात. तीन ते चार हा एक तास, आठवड्यातून तीन दिवस, जुनं दुखणं असलेल्यांसाठी ठेवा. त्या वेळी घरची जेवणं उरकलेली असतात, पोरं शाळेत असतात. शहरात फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलेली मुलं-मुली आहेत, त्यांना महिन्यातून एकदा तरी बोलवा. फी रोजची रोज घ्या, कारण आमचे चार दिवस वाईट जातात आणि आगाऊ भरलेले पैसे बुडतात. आणि जे खासगी वर्ग चालवतात त्यांनी एवढं तरी करावं: नाव लिहून घेताना दुखण्याचं विचारावं, मागं दोन-चार खुर्च्या ठेवाव्यात आणि न विचारता कुणाच्या पाठीवर दाब देऊ नये.

मंगळवार पेठेतल्या कुठल्याही तालमीनं हा तास सुरू केला, तर खाली अंथरायला लागतील तेवढ्या सतरंज्यांना जाड अस्तर लावून देण्याचं काम माझ्याकडं. शिलाई घेणार नाही.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर