लेन्सचं लिहायचं नव्हतं

फोंडा, गोवा
6 जुलै 2025, आषाढी एकादशी

प्रिय बाय,

गुरुवारी बस सुटेपर्यंत तू माझ्याशी धड बोलली नाहीस, आणि मीही खिडकीपाशी येऊन 'छत्री घेतलीस ना' एवढंच विचारलं. फणसाची साठं आणि सोलं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहेत, असं आईनं कळवायला सांगितलंय. माई झोपली आहे. पाऊस थांबलेला नाही. जेवताना आपलं ज्यावरून बिनसलं त्याबद्दल शांतपणे लिहावं म्हणून बसलोय. तू मागवलेल्या डोळ्यांत घालायच्या लेन्सचा विषय काढायचा नाही, असं ठरवलंय.

तुझं म्हणणं होतं की दिग्दर्शक डॅनी बॉयल '28 इयर्स लेटर' घेऊन तेवीस वर्षांनी झोंबीपटाकडे परतला आणि त्यानं चाहत्यांना फसवलं. डिसेंबरच्या ट्रेलरमध्ये गवतातून उठणारा तो हाडकुळा माणूस म्हणजे पहिल्या भागाचा नायक किलियन मर्फीच, असं सगळ्यांनी धरलं, आणि पडद्यावर तो भलताच कोणीतरी निघाला. पण बाय, फसवलं कोणी? मर्फी या भागाचा कार्यकारी निर्माता आहे, आणि तो पुढच्या, जानेवारीत यायच्या भागात दिसेल हे बॉयलनं स्वतः सांगितलं होतं. लोकांनी ट्रेलरमधल्या दोन सेकंदांवरून मनात एक सिनेमा रचला आणि तो पडद्यावर शोधत बसले. आयफोनवर शूटिंग केलं म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांनी 2002 चा पहिला भाग, '28 डेज लेटर', पुन्हा पाहावा. तो कॅनन एक्सएल 1 नावाच्या, बाजारात कोणालाही मिळणाऱ्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर केला होता. लंडनचे रस्ते पहाटे काही मिनिटांपुरतेच रिकामे मिळत. छोटे कॅमेरे एकाच वेळी चार ठिकाणी लावता येत होते, म्हणून तो पुलावरचा प्रसंग जमला. गेली तेवीस वर्षं चाहते ज्या दाणेदार, फाटल्यासारख्या चित्राची आठवण काढतात, ते त्या गरजेतून आलेलं आहे. यंदाचा फोन त्याच वाटेवरचा आहे.

झोंबीपटांची वाट पाडणाऱ्या जॉर्ज रोमेरोच्या बाबतीत तर हे आणखी ठळक दिसतं. त्याच्या मालिकेतला तिसरा, 1985 चा 'डे ऑफ द डेड' याच महिन्यात चाळीस वर्षांचा झाला. त्यानंतर चौथ्या भागासाठी त्याच्या चाहत्यांना 2005 पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, थांबावं लागलं. मधल्या काळात 'रेसिडेंट ईव्हिल'ची पटकथा त्याच्याकडून लिहून घेतली आणि नाकारली. मग 2002 आणि 2004 मध्ये धावणारी भुतं तिकिटबारीवर चालली, तेव्हा कुठे एका मोठ्या स्टुडिओनं त्याला पैसे दिले. 'लँड ऑफ द डेड' आला आणि लोक म्हणाले, मेलेले विचार कसे करतात? बंदूक कशी चालवतात? ज्यांना पहिला भाग तोंडपाठ होता तेच हे म्हणत होते. 1968 च्या त्या पहिल्या भागाच्या, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'च्या, पहिल्या दहा मिनिटांत स्मशानातलं ते पहिलं प्रेत दगड उचलून गाडीची काच फोडतं. ती लहान मुलगी बागकामाचं खुरपं वापरते. 1985 मध्ये बब नावाचं प्रेत सलाम ठोकतं आणि पिस्तूल झाडतं. बी तिथंच पेरलेलं होतं, वीस वर्षांनी त्याचं झाड झालं एवढंच. लोकांना मात्र 1978 च्या दुसऱ्या भागातला, 'डॉन ऑफ द डेड'मधला, तो मॉल परत हवा होता.

मला खरं तर तुझ्याशी तुझ्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे. पहिल्या खर्ड्यात तुझे मेलेले लोक चटई बगलेत मारून उत्सवाच्या नाटकाला येतात, मांडवात ओळीनं बसतात आणि पडदा उघडायची वाट पाहतात. ते पान मी तीनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं, माईलाही. माई म्हणाली, 'अशेंच येतले'. 'डॉन ऑफ द डेड'मधली प्रेतं मॉलकडे येतात, कारण जगताना तीच त्यांची जागा होती. तुझा मांडव त्याच जातीचा आहे, तरी पूर्णपणे आपला. हे तुला बारा मिनिटांच्या सिनेमात सुचलं. मी कोणाकोणाला सांगितलं हे कळलं तर तू रागावशील.

आणि तिसऱ्या खर्ड्यात तीच माणसं धावायला लागली! कारण काय, तर ग्रुपवर सगळे म्हणाले, संथ झोंबी आता कोण बघणार. गोव्यातले झोंबी म्हटले की लोकांना 2013 च्या 'गो गोवा गॉन' या विनोदी सिनेमापासून रेव्ह पार्टीच आठवते, त्यामुळे तुझ्या सिनेमाला प्रेक्षक हसायच्या तयारीनंच येतील. ते ओझं आधीच आहे, त्यात ही आणखी भर कशाला? आधी एक ठरव: तुझे लोक मेलेले आहेत की आजारी? बॉयलचे आजारी आहेत, जिवंत आहेत, म्हणून ते धावतात, उपाशी मरतात, आणि अठ्ठावीस वर्षांत बदलूही शकतात. रोमेरोचे मेलेले. त्याचं म्हणणं साधं होतं, सडलेल्या घोट्यांवर धावलात तर घोटे तुटतील. चटई घेऊन येणारा माणूस मेलेलाच असणार, मग त्यानं चालायलाच हवं.

आणि मेलेला माणूस श्वास घेत नाही, पापणी लववत नाही. जवळच्या शॉटमध्ये हेच दोन घात करतात. छातीची हालचाल लपवायला ढगळ सदरे दे, आणि कोणताही क्लोजअप आठ सेकंदांच्या वर नेऊ नकोस. पापणीला तेवढंच जमतं. लेन्स घातलेला माणूस तर आणखी जास्त उघडझाप करतो...

आलाच विषय. लिहूनच टाकतो. नऊ जणांसाठी तीन जोड मागवलेस आणि आळीपाळीनं वापरणार म्हणालीस. एकाच्या डोळ्यातली लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यात कधीही घालायची नाही, मध्ये धुतली तरी नाही. ती नळाच्या पाण्यानं धुवायची नाही, आपल्या विहिरीच्या पाण्यानं तर मुळीच नाही. पाण्यात एक अमीबा असतो, तो लेन्सखाली बुबुळात शिरला तर महिनोन्महिने औषधं घालावी लागतात आणि तरी डाग राहतो. पावसात लेन्स घालून उभं राहणं म्हणजे तेच. डोळ्याच्या डॉक्टरकडून माप न घेता ऑनलाइन मागवलेली रंगीत लेन्स बुबुळ खरवडते, आणि त्या जखमेतून जंतू आत जातात. तुझ्या डाव्या डोळ्याचं गेल्या चवथीला जे झालं ते मी विसरलेलो नाही.

माफ कर. पुन्हा व्याख्यान झालं. मेकअपकडे वळतो, त्याचा तुला उपयोग होईल.

बावीस जणांना पूर्ण रंगवायचा विचार सोड. पुढचे चौघे पूर्ण, प्रत्येकी दीड तास. मधले आठ जण वीस मिनिटांत: रंग, डोळ्यांखालच्या खाचा, ओठ. मागच्या दहांना पावडर आणि कपडे पुरतील. नुसता राखाडी रंग लावू नकोस. 1978 मध्ये 'डॉन ऑफ द डेड'च्या मेकअपवाल्या टॉम सॅव्हिनीनं तो लावला आणि पडद्यावर सगळी प्रेतं निळी दिसली. पिवळट गेरूत हिरवा थोडासा कालव, खाचांत जांभळा आणि तपकिरी. कान, मानेची मागची बाजू, नखं आणि तळहात सगळे विसरतात, आणि तुझे लोक तर चटई धरून येणार, म्हणजे हात पुढेच.

लेटेक्समध्ये, म्हणजे जखमा बनवायच्या पातळ रबरात, अमोनिया असतो आणि काहींना लेटेक्सच सोसत नाही. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास बघ. भुवयांना आधी व्हॅसलीन. टिश्यूचा पातळ थर, वर लेटेक्स, असे तीन थर पुरे. आपल्याकडच्या दमट हवेत एकेक थर वाळायला दुप्पट वेळ लागतो. घाई केली की खालचा थर ओला राहतो आणि घाम आला की सबंध जखम गालावरून घसरते. ड्रायर थंड हवेवर ठेव.

रक्त एक लिटर करायचं तर लिक्विड ग्लुकोज 700 मिली (केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं), कोमट पाणी 250 मिली, खायचा लाल रंग 20 मिली, निळ्याचे 6 ते 8 थेंब आणि कोको 2 चहाचे चमचे. कोको वेगळा कालवून गाळून घाल, नाहीतर गुठळ्या रक्तात तरंगतात. कोकोमुळे ते दाट आणि अपारदर्शक होतं; नसला तर सरबत दिसतं. कपड्यांवर टाकायच्या बाटलीत भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब टाक, डाग लवकर निघेल. ती बाटली तोंडाच्या रक्तापासून वेगळी ठेव आणि वर मोठ्या अक्षरांत लिही. मुंग्या येतील, म्हणून बाटल्या पाण्याच्या परातीत उभ्या कर. 1968 मध्ये चॉकलेटचं सिरप चाललं, कारण चित्र कृष्णधवल होतं.

आणखी एक, आपल्या मातीचं. ओल्या तांबड्या मातीवर रक्त दिसतच नाही. चिखल आणि रक्त कॅमेऱ्याला एकच वाटतात. सांडायचंच असेल तर मांडवातल्या पांढऱ्या चादरीवर, सिमेंटवर किंवा गवतावर सांड. कपडे जुने दिसायला चहाच्या पाण्यात रात्रभर भिजव, कॉलर आणि गुडघे सँडपेपरनं घास. माती फक्त पायांना.

मांस खाण्याच्या प्रसंगाला खरी आतडी आणू नका. 'डे ऑफ द डेड'च्या वेळी डुकराची आतडी ठेवलेला फ्रिज बंद पडला, ती सडली, आणि तरी तीच वापरावी लागली. तो नट त्या वासात पडून होता. माईच्या बरणीतले खारातले गरे घे, रात्रभर पाण्यात घालून खारटपणा काढ, हातानं पिंज आणि त्या रक्तात बुडव. तंतू अगदी मांसासारखे सुटतात आणि मुलांना खरंच खाता येतात. बरणी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. तू पाच वर्षांची असताना त्याच बरणीतले गरे रात्री चोरून खाल्लेस, हात सगळे खारानं सुरकुतलेले, आणि ते मला दाखवून म्हणालीस, 'बाबा, बघा, म्हातारीचे हात'. चार दिवस ती म्हातारी घरभर हळूहळू चालत होती. चालायचं कसं हे तुला कोणी शिकवायला नको. प्रत्येकाला एकच सांधा अडलेला दे: एकाचा गुडघा, एकाचा खांदा, एकीची मान. हात पुढे पसरून कोणालाही चालू देऊ नकोस.

डोळ्यांचं काय करायचं तेही सांगतो, म्हणजे लेन्सचा प्रश्नच मिटेल. दिवा डोक्याच्या वर, थोडा मागे लाव, खोबणी आपोआप काळ्या पडतात. जे दोन-तीन क्लोजअप लागतील त्यांत बुबुळं नंतर डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक करून पांढरी कर. तीन सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला चोवीसच्या वेगानं 72 फ्रेम, तुझं एका संध्याकाळचं काम. तरीही एखादी लेन्स हवीच असेल तर एकाच नटाला, डॉक्टरकडून बसवून घेतलेली, त्याची स्वतःची. ती मेकअपच्या आधी घालायची, मेकअप काढायच्या आधी काढायची, आणि पावसाच्या शॉटला नाहीच. डॉक्टरचे पैसे मी देतो. तू स्वतः घालणार नाहीस एवढं मात्र मला लिहून पाठव.

चवथीला मुलं येतील तेव्हा मागच्या खोलीत सातजण मावतील, बाकीचे काकीकडे. मांडवासाठी बांबू आणि जुन्या चटया मी जमवायला घेतल्या आहेत, अकरा झाल्या. धावणारे हवे असतील तर धावणारे कर, चटया तरीही देईन. पण पहिला खर्डा फेकू नकोस.

ते तीन जोड अजून पाकिटात बंद असतील तर बंदच राहू देत.

तुझे,
बाबा