कराटे सोडू नकोस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

किकबॉक्सिंग सुरू केलंस, आता कराटे सोडावं का, असं विचारलंस. मुळीच सोडू नकोस. फक्त कुठली सवय कुठे चालते, हे अंगात मुरायला हवं.

टोकियो ऑलिंपिकमधली, २०२१ सालची ७५ किलोवरील गटाची अंतिम कुमिते, म्हणजे कराटेतली समोरासमोरची लढत, बघ. तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची उंच किक बसली आणि सज्जाद गंजजादेह आडवा झाला. प्रमाणाबाहेर जोराने मारलं म्हणून हमेदी बाद झाला आणि सुवर्ण गंजजादेहला मिळालं. हीच किक किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये लढत जिंकून देते. म्हणून दोन्हीकडे जोराचं माप वेगळं ठेव.

पहिली अडचण हातांची. कातामध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींत, एक मूठ जाते तेव्हा दुसरी कमरेशी ओढायची सवय लागते. रिंगमध्ये तेवढ्यात हनुवटी उघडी पडते आणि समोरच्याचा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, तिथेच येतो. ठोसा गेला त्याच रेषेत गालाशी परत आला पाहिजे; परतताना खाली झोल घेतो, तिथे घात होतो. पॅड धरणाऱ्या मुलीला सांग, प्रत्येक ठोशानंतर माझ्या रिकाम्या गालावर पॅडने हलकेच टपली मार. हात आपोआप वर राहू लागतील.

दुसरी अडचण पायांची. झेनकुत्सू-दाचीसारखा लांब पवित्रा घेतलास की पुढच्या मांडीवर वजन येतं, पाय चटकन उचलता येत नाही आणि पायावर मारलेली लो किक पूर्ण बसते. पाय जवळ घे, वजन दोन्हींवर सारखं ठेव. लो किक दिसली की गुडघा उचलून किंचित बाहेर वळव आणि ती नडगीच्या वरच्या भागावर घे. तेव्हाही हात खाली सोडायचे नाहीत. तुझी मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची किक, पावलाच्या वरच्या भागाने लागते. समोरचीने कोपर मध्ये आणलं तर पावलाची बारीक हाडं मोडू शकतात. रिंगमध्ये नडगीने मार. टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली नाही, तर कंबर अडते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

कराटेचं खरं धन म्हणजे अंतराची जाण. लांबून एका झेपेत शिरून मारलेला ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, निव्वळ बॉक्सिंग शिकलेल्यांना लवकर कळत नाही. पण कुमितेत गुण मिळाला की पंच थांबवतात. इथे कोणी थांबवत नाही. ग्याकू-झुकी, लगेच हुक, मग लो किक, आणि सरळ मागे न जाता तिरकं बाहेर, असा सराव कर. किकबॉक्सर अँडी हग क्योकुशिन या प्रकारच्या कराटेतून आला होता. तिथल्या सामन्यात मुठीने डोक्यावर मारता येत नाही. तरी त्याने १९९६ ची के-वन ग्रां प्री ही किकबॉक्सिंगची स्पर्धा जिंकली, आणि वरून टाच आपटणारी आपली किक शेवटपर्यंत सोडली नाही.

आठवड्यात दोन दिवस कराटे, दोन दिवस किकबॉक्सिंग पुरे. जोराच्या स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, दुसऱ्या दिवशी फक्त काता कर. हाताला साडेचार मीटरची पट्टी, स्पारिंगला १४ किंवा १६ औंसचे ग्लोव्ह्ज, शिन गार्ड आणि माउथगार्ड हवेतच. जाड ग्लोव्ह्जमध्ये वाकलेलं मनगट दिसत नाही, म्हणून बॅगवर मारताना पहिली दोन बोटं आणि मनगट एका रेषेत आहेत ना, ते बघत जा.

डोक्याला मार लागून डोकं दुखलं, मळमळलं किंवा अंधारी आली, तर लगेच थांब आणि सरांना सांग. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि ते हो म्हणेपर्यंत स्पारिंग बंद. मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझे
बाबा